‘लिहिलं’ म्हणजे नक्की कुठे लिहिलं? : मोठ्या साठवण यंत्रणांमधली कॅश आणि तिची राखण



संगणकाचा धडा शिकवताना आपण मुलांना एक वाक्य हमखास देतो : रॅममधली माहिती वीज गेली की पुसली जाते, हार्ड डिस्कवरची राहते. वाक्य बरोबर आहे, परीक्षेत गुणही मिळतात. पण वर्गात एखादा तरी असा निघतो जो विचारतो, "सर, मग बँकेचा संगणक रॅममध्ये काम करत असताना वीज गेली तर आपले पैसे जातील का?" "नाही रे, त्यांच्याकडे जनरेटर असतो" असं म्हणून पुढचं पान उलटता येतं, पण ते अर्धंच उत्तर झालं. उरलेलं अर्धं जास्त मजेदार आहे, आणि सातवी-आठवीच्या मुलांना समजेल इतकं सोपंही आहे. आज तेच पाहू.

उदाहरणासाठी पुण्याच्या मंडईत जाऊ. ही इमारत १८८६ साली ‘रे मार्केट’ म्हणून सुरू झाली. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते तेव्हा त्यांनी या बांधकामाच्या खर्चाला विरोध केला होता, आणि पुढे त्याच इमारतीला त्यांचंच नाव मिळालं! असो. समजा, तुम्ही एका गाळ्यावर मेथीच्या दोन जुड्या आणि पावशेर आलं घेतलं. साठ रुपये झाले. मोबाइलने कोड स्कॅन केला, पैसे पाठवले आणि गाळ्यावरची छोटी डबी बोलली, "साठ रुपये प्राप्त झाले." मावशींनी मोबाइल न बघता पिशवी तुमच्या हातात दिली.

त्या डबीच्या एका वाक्यावर मावशींनी माल सोडून दिला. मेथी आता परत येणार नाही. म्हणजे डबी बोलण्याआधी कुठेतरी, कुणीतरी, "हो, लिहिलं" असं पक्कं सांगितलेलं असायला हवं. तुमच्या बँकेत साठ रुपये वजा, मावशींच्या बँकेत साठ रुपये जमा. प्रत्येक बँकेत खात्यांची नोंद ठेवणारा सर्व्हर असतो, आणि तो सर्व्हर प्रत्यक्ष माहिती ठेवायला एका वेगळ्या कपाटाएवढ्या यंत्राकडे देतो. हे यंत्र म्हणजे साठवण यंत्रणा, म्हणजेच स्टोरेज. सर्व्हर विचारतो, "लिहिलं का?" स्टोरेज म्हणतं, "लिहिलं." आपला आजचा सगळा विषय या एका शब्दाच्या खरेपणाचा आहे. कारण बऱ्याच वेळा स्टोरेज "लिहिलं" म्हणतं तेव्हा डिस्कवर अजून काहीच लिहिलेलं नसतं.

मग ते खोटं बोलतं का?

तसं म्हणता येत नाही. आधी डिस्क किती हळू असते ते पाहू, म्हणजे यंत्रावर ही वेळ का येते ते कळेल. हे गणित फळ्यावर करण्यासारखं आहे.

नेहमीची हार्ड डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला लागले सुमारे ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, म्हणजे साधारण ४ मिलिसेकंद. त्याआधी लिहिणारं डोकं योग्य वर्तुळावर सरकायला हवं, त्याला आणखी ८ धरा. एकूण १२ मिलिसेकंद. म्हणजे इकडेतिकडे विखुरलेल्या नोंदी असतील तर एक डिस्क सेकंदाला फार तर ऐंशी-पंच्याऐंशी नोंदी करते. रॅमला मात्र एका नोंदीला साधारण १०० नॅनोसेकंद पुरतात. १२ मिलिसेकंद म्हणजे त्याच्या १,२०,००० पट. मुलांना असं सांगा की रॅमचं काम एका सेकंदात झालं असं धरलं, तर डिस्कला तेहतीस तास लागतील.

आता गणपतीचे दिवस आठवा. मंडईच्या शारदा गणपतीला गर्दी, आजूबाजूला हार-फुलं, खेळणी, खाऊ, सगळीकडे कोड स्कॅन होतायत. देशभरातल्या बाजारांत त्याच क्षणी तेच चाललेलं असतं. प्रत्येक नोंदीसाठी डिस्कची वाट बघत बसलं तर रांग मंडईपासून स्वारगेटपर्यंत जाईल. आज बँकांमध्ये फिरत्या डिस्कऐवजी एसएसडी खूप आहेत आणि त्या कितीतरी वेगवान आहेत, पण रॅमच्या तुलनेत त्याही मागेच पडतात. म्हणून स्टोरेजमध्ये वेगवान मेमरीचा एक भाग समोरच्या ओट्यासारखा ठेवतात. आलेली नोंद आधी तिथे घ्यायची, "लिहिलं" म्हणायचं आणि डिस्कवर नंतर सवडीने उतरवायची. या भागाला म्हणतात कॅश.

(हा शब्द मुलांना हमखास चकवतो. ही ‘कॅश’ म्हणजे रोख रक्कम नव्हे. लपवणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आलेला हा वेगळा शब्द आहे. उच्चार तेवढा सारखा. मंडईचं उदाहरण देताना पैशांना ‘रोख’ म्हणा आणि मेमरीला ‘कॅश’, नाहीतर वर्गात गोंधळ उडेल.)

सवडीने उतरवण्यात आणखी एक फायदा असतो. पोस्टमन पत्रं गल्लीप्रमाणे लावून घेतो, तशी कॅश नोंदी डिस्कवरच्या जागेप्रमाणे लावून घेते, त्यामुळे डोक्याची धावपळ कमी होते. शिवाय एकच आकडा मिनिटात दहा वेळा बदलला असेल, तर डिस्कवर शेवटचाच उतरवला तरी चालतं.

गाळ्यावरची भाजी आणि गाळ्यावरची चिठ्ठी

कॅश दोन कामांसाठी वापरतात, आणि त्यांतला फरक समजला की अर्धा धडा झाला.

पहिलं काम वाचण्याचं. मंडईतल्या गाळ्यावर भाजी असते, पण मोठा साठा गुलटेकडीच्या मार्केट यार्डात. गिऱ्हाईक आलं की प्रत्येक वेळी कुणी मार्केट यार्डात पळत नाही. लागेल तेवढं जवळ आणून ठेवलेलं असतं. वाचनाची कॅश अशीच. डिस्कवरची वारंवार लागणारी माहिती जवळ ठेवलेली. वीज गेली, ती पुसली गेली, तरी बिघडत नाही. मूळ माल यार्डात आहे, पुन्हा आणता येईल.

दुसरं काम लिहिण्याचं. इथे चित्र उलटं होतं. समजा, एका खानावळवाल्याने मावशींना सांगितलं, "उद्या पहाटे वीस किलो कांदा, दहा किलो बटाटा, पैसे हे घ्या." मावशींनी पैसे घेतले, एका चिठ्ठीवर लिहिलं आणि म्हणाल्या, "लिहिलं हो." वहीत अजून चढवलेलं नाही. या घडीला त्या व्यवहाराचा जगात एकच पुरावा आहे, ती चिठ्ठी. वाऱ्याने उडाली तर मार्केट यार्डात कितीही शोधा, ती नोंद सापडणार नाही.

लिहिण्याच्या कॅशमध्ये अशाच, डिस्कवर न पोचलेल्या, कच्च्या नोंदी असतात. आणि त्या ज्या मेमरीत असतात तिचा स्वभाव फार विसरभोळा. रॅमचा प्रत्येक कप्पा म्हणजे विजेचा सूक्ष्म साठा, आणि तो गळत राहतो. म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक कप्पा वाचून पुन्हा भरावा लागतो. वीज थांबली की हे भरणं थांबतं आणि सगळं संपतं.

सावध माणूस म्हणेल, मग डिस्कवर पोचल्याशिवाय "लिहिलं" म्हणूच नका. अशी पद्धत आहे आणि तिला ‘राइट-थ्रू’ म्हणतात. ती सुरक्षित आहे, पण हळू. आधी "लिहिलं" म्हणून मागून उतरवण्याच्या पद्धतीला ‘राइट-बॅक’ म्हणतात. ती वेगवान, पण मध्ये काही सेकंद सगळी भिस्त त्या चिठ्ठीवर. मोठ्या यंत्रणांना वेग सोडता येत नाही आणि खरेपणाही सोडता येत नाही. म्हणून मग चिठ्ठी उडू नये याची व्यवस्था करावी लागते. कॅशची राखण म्हणतात ती हीच.

राखण दोन तऱ्हांची लागते

धोके दोन, आणि ते वेगवेगळे आहेत. एक, सगळ्या यंत्राची वीज जाणं. दुसरा, वीज आहे पण ज्या भागात चिठ्ठी आहे तो भागच जळणं किंवा बंद पडणं. एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

विजेच्या धोक्यावर सर्वात जुना उपाय बॅटरी. कॅशच्या मेमरीलाच एक छोटी बॅटरी जोडायची. बाहेरची वीज गेली तरी ती त्या ६४ मिलिसेकंदांच्या भरण्याचं काम चालू ठेवते. पण बॅटरी दोन-तीन दिवस पुरणार. शनिवारी वीज गेली आणि मंगळवारी आली तर? म्हणून नवी पद्धत वेगळी आहे. वीज गेल्याचं कळताच कॅशमधलं सगळं फ्लॅश मेमरीत उतरवून टाकायचं. फ्लॅश म्हणजे आपल्या पेनड्राइव्हमध्ये असते ती. तिला माहिती टिकवायला वीज लागत नाही. आता बॅटरीने दिवसचे दिवस तग धरायची गरज उरली नाही, उतरवून होईपर्यंत टिकली की झालं. ४ जीबी कॅश असेल आणि फ्लॅश सेकंदाला १०० एमबी लिहीत असेल, तर साधारण ४० सेकंद. एवढं काम सुपर-कपॅसिटरसुद्धा करतो, आणि तो बॅटरीपेक्षा जास्त वर्षं टिकतो. कपाटाएवढ्या यंत्रांत कॅश फार मोठी असते. तिथे बॅटऱ्या यंत्राचा आवश्यक तेवढा भाग काही मिनिटं चालू ठेवतात आणि कॅशमधला माल राखून ठेवलेल्या डिस्कवर किंवा फ्लॅशवर नेतात. या जागेला इंजिनिअर मंडळी ‘व्हॉल्ट’ म्हणतात, म्हणजे तिजोरी. वीज परत आली की यंत्र आधी तिजोरी उघडतं, राहिलेल्या कच्च्या नोंदी डिस्कवर चढवतं आणि मगच दार उघडून सर्व्हरला आत घेतं.

दुसऱ्या धोक्यावरचा उपाय म्हणजे जोडीदार. स्टोरेजमध्ये लिहिण्याचं काम बघणारे कंट्रोलर किमान दोन असतात आणि प्रत्येकाची कॅश वेगळी. नोंद पहिल्याकडे आली की तो ती लगेच दुसऱ्याकडे पाठवतो. दुसरा म्हणतो, "मिळाली." त्यानंतरच पहिला सर्व्हरला "लिहिलं" असं सांगतो. म्हणजे मावशींनी चिठ्ठी लिहिली, मुलाने तीच दुसऱ्या कागदावर उतरवली, आणि मग गिऱ्हाइकाला "लिहिलं हो" म्हटलं. आता एक चिठ्ठी उडाली तरी दुसरी आहे.

नुसता जोडीदार असेल आणि बॅटरी नसेल, तर कपाटाची वीज जाताच दोघंही एकदमच विसरतील. नुसती बॅटरी असेल आणि जोडीदार नसेल, तर जळलेल्या कार्डावर बॅटरी जोडून काय मिळणार? दोन्ही हवेत.

याशिवाय एक तिसरी, लहानशी राखण असते. मेमरीत कधीकधी एखादा बिट आपोआप उलटतो, शून्याचा एक होतो. त्यासाठी प्रत्येक ६४ बिटांबरोबर ८ जादा बिट ठेवतात. रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये मांडलेल्या पद्धतीच्या आधारे एक बिट चुकला तर तो दुरुस्त होतो, दोन चुकले तर निदान कळतं. यावर स्वतंत्र लेख होईल, म्हणून इथे थांबतो.

रोजकीर्द

ही कल्पना आपल्या हिशेबनिसांना नवी नाही. पूर्वापार आपल्याकडे दोन वह्या असत. व्यवहार होताच घडेल त्या क्रमाने लिहायचा तो रोजकीर्दीत. मग सवडीने, ज्याच्या-त्याच्या खात्यावर उतरवायचा तो खतावणीत. पुण्याच्या पेशवे दफ्तरात अशा रोजकीर्दी आहेत आणि अभ्यासक आजही त्यांवरून इतिहास लिहितात. खतावणी मागे राहिली, अर्धवट राहिली, तरी रोजकीर्द शाबूत असेल तर ती पुन्हा उभी करता येते. उलट होत नाही.

नेटअॅप या अमेरिकन कंपनीची स्टोरेज यंत्रणा १९९० च्या दशकापासून जवळजवळ याच रीतीने चालते. बॅटरी असलेल्या मेमरीत ती आलेल्या विनंत्या आल्या त्या क्रमाने लिहून ठेवते आणि काही सेकंदांनी सगळं एकदम डिस्कवर नीट मांडते. या मेमरीचे दोन भाग असतात. एक भाग डिस्कवर उतरत असताना नव्या नोंदी दुसऱ्या भागात. म्हणजे रोजकीर्दीच्या दोन वह्या, एक कारकुनाकडे खतावणीला गेली की दुसरी गल्ल्याजवळ! मोठ्या संगणकांच्या जगात आयबीएमने १९८० च्या दशकाच्या अखेरीस ३९९० या कंट्रोलरमध्ये बॅटरीवर चालणारी वेगळी मेमरी देऊन "आधी लिहिलं म्हणा, मग उतरवा" ही सोय आणली होती. १९९० मध्ये ईएमसी कंपनीचं सिमेट्रिक्स आलं, त्याचा तर सगळा भर मोठ्या कॅशवर होता.

जनरेटर असताना हे कशाला?

पालकसभेत हा प्रश्न येतोच. १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आठवा. सोमवार होता. दहाच्या सुमारास मुंबई आणि आसपासची वीज एकदम गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. तरी दोन्ही शेअर बाजारांचं काम नेहमीसारखं चालू राहिलं. तिथे यूपीएस आणि जनरेटरने आपलं काम केलं. मग कॅशला वेगळी बॅटरी कशाला?

कारण वीज नेहमी बाहेरूनच जाते असं नाही. यूपीएस स्वतः बिघडतो. कपाटातला वीजपुरवठ्याचा भाग जळतो. साफसफाई करताना कुणाच्या हातून चुकीची वायर निघते. जनरेटर इमारतीची राखण करतो. कॅशची बॅटरी त्या चार-आठ जीबी कच्च्या नोंदींची.

आणि या बॅटरीचीच गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बॅटरी म्हातारी होते. घरच्या इन्व्हर्टरची होते तशीच. म्हणून चांगला कंट्रोलर अधूनमधून तिची परीक्षा घेतो, ती पूर्ण उतरवून पुन्हा भरून बघतो, किती दम आहे ते मोजतो. बॅटरी कमजोर निघाली, किंवा जोडीदार कंट्रोलर बंद पडला, तर तो आपणहून राइट-बॅक सोडून राइट-थ्रूवर जातो. म्हणजे आता डिस्कवर पोचल्याशिवाय "लिहिलं" म्हणणार नाही. यंत्रणा एकदम मंद होते. फोन सुरू होतात : "सिस्टिम स्लो आहे!"

खरा कसोटीचा क्षण हाच. कारण बऱ्याच कंट्रोलरमध्ये अशी एक सेटिंग असते की बॅटरी असो वा नसो, राइट-बॅक चालूच ठेव. ती दाबली की वेग परत येतो, तक्रारी थांबतात, सगळे खूश. आणि त्या दिवसापासून प्रत्येक "लिहिलं" हे निव्वळ नशिबावर सोडलेलं असतं. वीज गेली नाही तर कुणाला कधी कळणारही नाही. गेली, तर हरवलेल्या नोंदी सापडणार नाहीतच, शिवाय डेटाबेसमध्ये अर्धं नवं, अर्धं जुनं अशी खिचडी होते, आणि ते निस्तरणं नोंद हरवण्यापेक्षा वाईट. बँकांच्या बाबतीत दोन बाजूंचे हिशेब नंतर ताडून बघतात, त्यामुळे मावशींचे साठ रुपये बहुधा परत सापडतील. पण सगळ्याच कामांना अशी दुसरी बाजू नसते. रुग्णालयाच्या तपासणीचा निकाल, मुलाच्या गुणांची नोंद, सातबाऱ्यावरचा फेरफार, यांची जुळणी कुणाशी करणार? बॅटरी बदलायला येणारा माणूस दोन दिवसांनी येणार असेल, तर दोन दिवस मंद चालू द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

वर्गात करून पाहा

साहित्य : दोन पाट्या, एक वही, फळा, एक विजेरी. एक मूल गिऱ्हाईक, दोन मुलं कंट्रोलर, एक मूल डिस्क. डिस्क झालेल्या मुलाने फळ्यावर अगदी सावकाश, एकेक अक्षर सुवाच्य काढायचं. गिऱ्हाईक भराभर नोंदी सांगणार : "कांदे वीस," "बटाटे दहा." पहिला कंट्रोलर पाटीवर लिहितो, दुसऱ्याला सांगतो, दुसऱ्याने लिहिल्यावरच "लिहिलं" असं ओरडतो.

मध्येच तुम्ही म्हणा, "वीज गेली!" नियम असा की विजेरी पेटवली नाही तर दोन्ही पाट्या लगेच पुसायच्या. विजेरी पेटली तर वीस अंक मोजेपर्यंत वेळ, तेवढ्यात पाटीवरचं वहीत उतरवायचं. दुसऱ्या फेरीत म्हणा, "पहिला कंट्रोलर आजारी!" तो पाटी घेऊन बाहेर. तिसऱ्या फेरीत विजेरीचे सेल गुपचूप काढून ठेवा. चालू करायला गेल्यावर मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात, आणि "सर, सेल आधी तपासायला हवे होते" हे वाक्य त्यांच्याच तोंडून येतं.

घरचा संगणक

पेनड्राइव्ह काढण्याआधी ‘सेफली रिमूव्ह’ म्हणायचं, हे आपण सगळे सांगतो. त्याचं कारणही हेच. पडद्यावर फाइल गेल्याचं दिसलं तरी थोडा भाग संगणकाच्या मेमरीत राहिलेला असू शकतो. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून पेनड्राइव्हसाठी मूळ सेटिंग लिहिणं न रेंगाळवण्याची केली आहे, त्यामुळे धोका कमी झाला. पण फाइल जात असतानाच ओढून काढली तर कुठलीच सेटिंग वाचवणार नाही. एसएसडीचंही तसंच. डेटा सेंटरसाठी बनवलेल्या एसएसडीत वीज गेल्यावर हातातलं काम संपवण्यापुरते कपॅसिटर असतात, घरगुती स्वस्त एसएसडीत बहुधा नसतात. शाळेच्या कार्यालयातल्या संगणकाला यूपीएस हवा, याचं हे एक कारण.

एक मर्यादाही मुलांना सांगायला हवी. कॅशची राखण फक्त त्या काही सेकंदांची. कारकुनाने चुकीचा आकडा टाकला तर दोन्ही कंट्रोलर तो चुकीचा आकडाच निष्ठेने जपतील. पूर्ण इमारतीला आग लागली तर तिजोरीही जाईल. त्यासाठी बॅकअप वेगळा आणि दुसऱ्या गावातली प्रतही वेगळी. तिथेही तोच शब्द पुन्हा येतो : दुसऱ्या गावाने "मिळालं" म्हणेपर्यंत थांबायचं की नाही? काचतंतूतून प्रकाशाला किलोमीटरला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात. पुणे-मुंबई १५० किलोमीटर धरलं तर जाऊन-येऊन दीड मिलिसेकंद, म्हणजे थांबणं परवडतं. पुणे-दिल्ली १,४०० किलोमीटर धरून किती होतात, आणि प्रत्येक नोंदीला तेवढं थांबलं तर एकामागून एक अशा सेकंदाला किती नोंदी होतील, हे गणित मुलांना घरी करायला द्या.